मिरचीच्या पथारीवर सावली

बाग कोणासाठी हवी आहे, हा माझा पहिला प्रश्न असे आणि त्यावर गिऱ्हाईक हमखास रागवे. जागा त्यांची, पैसे त्यांचे, आणि ही बाई विचारते कोणासाठी! लोणखेड्याचे एक पपईवाले बागायतदार तर म्हणाले होते, "तुम्ही झाडं विकता की चौकशा करता?" मी म्हटलं, दोन्ही. झाडं घेऊन जा, चौकशी फुकट आहे. ते झाडं न घेताच गेले आणि आठवडाभराने परत आले. घरात चर्चा झाली होती. बाग म्हाताऱ्या वडिलांना सकाळी बसायला हवी होती आणि साहेबांनी मनात ठरवलं होतं रंगीत कारंजं.

मी लग्न होऊन पारोळ्याहून लोणखेड्याला आले. मागच्या अंगणात चार पिशव्यांत कढीपत्ता लावला आणि त्याची रोपवाटिका झाली. मग लोक रोपं नेताना विचारू लागले की कुठे लावू, आणि मी सांगू लागले. पुढे त्याचं शिक्षणही रीतसर घेतलं, पण धंदा सुरू झाला तो असा. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून रोपवाटिका पुतण्याकडे दिली आहे आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढते. हे काम मला फार आवडतं.

शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर या भागात मी बऱ्याच बागा केल्या. सगळ्या जगल्या असं सांगितलं तर माझ्याच झाडांना हसू येईल. कितीतरी बागांवर आज पेव्हर ब्लॉक बसले आहेत आणि त्यावर गाड्या उभ्या आहेत. तिथून जाताना मी मान दुसरीकडे वळवते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नंदुरबारच्या बाहेरची एक बाग मात्र अशी आहे की तिची आठवण निघाली की मला या धंद्यात घातल्याबद्दल देवाला नमस्कार करावासा वाटतो. आज तिच्याबद्दलच लिहिते.

भिकनआप्पा मिरचीचे व्यापारी. नंदुरबारची मिरची ज्यांना फक्त डब्यात माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीच्या आगेमागे शेतातून ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते. ती गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवतात. या मैदानाला पथारी म्हणतात. जमीन मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून ठोकून अशी कडक करतात की पहारही उडी मारून परत येते. बायका दिवसभर मिरची परततात, देठ खुडतात, आणि पथारी रोज झाडून ताटासारखी लख्ख ठेवतात, कारण एक काडी जरी मिरचीत गेली तरी भाव पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पथारीवर झाड नसतं. झाड म्हणजे सावली, आणि सावलीत मिरची काळी पडते.

आप्पांचं घर पथारीच्या कडेलाच होतं. मोठं, दुमजली, बाहेरून गुलाबी रंग दिलेलं. धंदा वाढला तशी त्यांनी नवी पथारी आणखी लांब घेतली आणि घराभोवतीची ही एवढी मोठी जागा रिकामी झाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माघ संपत आला होता आणि त्या मैदानावर उभं राहिल्यावर डोळे उघडे ठेवता येत नव्हते. नजर पोहोचेल तिथपर्यंत तांबडी, तुळतुळीत जमीन. पाय आपटला की बारीक धूळ उडे आणि नाकात झिणझिण्या येत. मिरची गेली होती, पण तिचा भुगा जमिनीत मुरून राहिला होता.

"ताई," आप्पा म्हणाले, "मिरचीले सावली चालस नही. मन्हा बापनी आठे एक झाड ठेयं नही, मी बी ठेयं नही. आते तुम्ही लाई द्या."

मी माझा प्रश्न विचारला. बाग कोणासाठी?

आप्पांचा मुलगा हर्षल मोबाइल घेऊन तयारच होता. सुरतेच्या बंगल्यांचे फोटो. हिरवीगार हिरवळ, आणि भिंतीला लागून सरळ उभी कोनोकार्पसची रांग. "मॅडम, पाहुण्यांनी गेटातून आत आलं की बघत राहिलं पाहिजे," तो म्हणाला. आप्पांनी मान डोलावली. दोघांचं उत्तर झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "पाहुना गया खड्डामा! कोन्हासाठे ते माले इचारा ना."

ही सिंधुआक्का. आप्पांची बायको. ठेंगणी, काळीसावळी, पदर खोचलेला, आणि जीभ अशी की तिच्या नवऱ्याच्या मिरचीनेही शिकवणी लावावी. हातातलं पीठ तसंच ठेवून ती बाहेर आली.

"मन्ही आंडेर, मन्ही लेक सुरतले दिधी शे. जयश्री. तिन्ही पोरले दमा शे. पोर आठे उनी का धुयना ठसका लागस, छाती वाजाले लागस. चार वरीस व्हयनात, जयश्री आखाजीले घर येत नही. बहीन, फुलं नही उनात तरी चाली. ती पोरले आखाजीले आठे ऱ्हाता यी, अशी बाग करी दे."

हर्षलने मोबाइल खिशात ठेवला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खान्देशाबाहेरच्या माणसाला ती सोनं घ्यायची तिथी वाटते. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचं माहेर. गौराई बसते, झाडांना झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, आणि सासरी गेलेल्या पोरी चार दिवस कोणाचंही न ऐकता हसतात. दिवाळीला लेक आली नाही तर आई समजून घेते. आखाजीला आली नाही तर शेजारणी विचारतात, आणि आईला उत्तर द्यावं लागतं. आणि हा सण येतो कधी, तर भर वैशाखात. ज्या दिवसांत आमच्याकडे कुत्रीसुद्धा गटाराच्या काठी पोट टेकून पडतात, त्या दिवसांत.

म्हणजे मला बाग करायची होती ती वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यासाठी. पुस्तकातल्या बागा हिवाळ्यात फुलतात, त्यांचे फोटोही तेव्हाच काढतात. ही बाग हिवाळ्यात कशीही दिसली तरी चालणार होती. हे काम हातात आलं तेव्हा मी मनातून फार खूश झाले आणि तितकीच घाबरलेही. पाहुण्यांना आवडली नाही तर बाग नापास होते, बस. इथे एका आईची लेक येणार की नाही ते ठरणार होतं.

उन्हाळी प्रदेशातली बाग फुलांपासून सुरू करायची नसते. आधी सावली, मग वारा, मग जमीन, आणि उरलं तर फूल. दुपारी ऊन कुठून येतं ते बघायचं. आमच्याकडे जीव खातं ते पश्चिमेचं ऊन आणि त्याच बाजूने येणाऱ्या झळा. म्हणून घराच्या पश्चिमेला मी करंजांची दुहेरी रांग आखली. करंज हे झाड फार समजूतदार. ते फाल्गुनात पानं टाकतं आणि चैत्र-वैशाखात, बाकी सगळं करपलेलं असताना, चकचकीत नवी पालवी घेऊन उभं राहतं. पुढच्या बाजूला जांभूळ, कांचन आणि आक्काच्या हट्टाने एक आंबा. हिरवळ अजिबात नाही. तिला पाणीही फार लागतं आणि दम्याच्या पोरीला गवताचा तुराही नको. त्याऐवजी भुईवर पसरायला रताळ्याचे वेल. आप्पा त्यावर बेहद्द खूश झाले, कारण बागेतून काहीतरी खायला मिळणार होतं.

आक्काला खिडकीखाली मोगरा हवा होता. मी तो पार फाटकाजवळ नेला. घमघमाटानेही दमेकऱ्याला त्रास होतो. कोनोकार्पसवरून हर्षलशी माझं भांडण झालं. त्या झाडाचा फुलोरा दमेकऱ्यांना वाईट, म्हणून मी नाही म्हटलं. त्याने माझ्या माघारी त्याच झाडाच्या कुंड्या आणून फाटकाशी मांडल्या. मी त्याला एवढंच म्हटलं, तुझ्या बहिणीला फोन करून तिच्या डॉक्टरांना विचार. दुसऱ्या दिवशी कुंड्या नव्हत्या. पोरगा मनाचा चांगला होता, फक्त सुरत त्याच्या डोक्यात गेली होती.

जमीन फोडायला जेसीबी लावला. त्याचे दात पथारीवर घासायचे आणि ठिणग्या उडायच्या. आतली धूळ वर आली तसे मजूर तोंडाला फडकी बांधून शिंकू लागले आणि जेसीबीवाला दर तासाला खाली उतरून डोळे धुऊ लागला. खड्ड्यांत तळ्याचा गाळ आणि शेणखत भरलं. निम्मे खड्डे झाले आणि होळी आली. मजूर सगळे सातपुड्यातले. काठी गावची मोठी होळी असताना त्यांना खड्डे खणायला सांगणं म्हणजे आपणच खड्ड्यात जाणं. ते गेले ते सण आटोपूनच आले, तोवर मी रोपवाटिकेत बसून रोपांशी बोलले. मृगानंतर लागवड केली, आणि गंमत म्हणजे आमच्या रोपांच्या आधी सगळ्या जागेवर मिरचीचीच रोपं उगवून आली. शेवटच्या हंगामातलं सांडलेलं बी. आप्पा ती उपटू देईनात. "लक्ष्मी शे ती," म्हणाले. त्यांचा मान राखून कुंपणाकडेची मिरची आम्ही ठेवली.

आता खरी अडचण. मोकळी जमीन उन्हात तापते, तिच्यातलं पाणी उडतं आणि वाऱ्याबरोबर धूळ उठते. त्यावर उपाय एकच, जमीन झाकायची. पुरुषोत्तमनगरकडच्या उसाच्या शेतांतून मी ट्रॅक्टर भरून पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आणलं आणि सगळ्या झाडांखाली जाड थर दिला. पुढे झाडांची पानं गळतील ती तिथेच राहू द्यायची, कुजू द्यायची, म्हणजे जमीन हळूहळू मऊ होईल आणि धूळ उडणार नाही. सगळ्या बागेचा जीव या थरात होता.

आणि आप्पांच्या घरी रोज सकाळी तो थर झाडून टाकला जाई.

मी आठवड्याने जायचे तर झाडांखाली परत तुळतुळीत जमीन. पथारीवर उभा जन्म काढलेल्या बायका घरकामाला होत्या. काडी दिसली की हात खराट्याकडे जाई. मी ओरडायचे, त्या हसायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडायच्या. आणि त्यांची पुढारी खुद्द सिंधुआक्का. "बहीन, लोके काय म्हनतीन? आक्काना आंगनमा कचरा!" तिकडे आप्पांची वेगळीच तऱ्हा. जरा फांदी पसरली, खाली सावली पडली की त्यांचा हात कोयत्याकडे जाई. एकदा मी त्यांना जांभळाची फांदी छाटताना पकडलं तर ते स्वतःच चक्रावले. म्हणाले, "ताई, हात आपोआप चालना." सावलीसाठी बाग करणारा माणूस सावली दिसली की तोडत होता. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो.

ते हसणं फार टिकलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. आक्काने फोनवर एवढं वर्णन केलं की जयश्री म्हणाली, आखाजीच्या आधी दोन दिवस येऊन बघते, स्वरा राहिली तर सणाला थांबू. स्वरा म्हणजे तिची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. आक्काच्या पायाला भिंगरी लागली. लेक येणार म्हणून घर धुतलं, भांडी घासली, आणि ज्या दिवशी त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माहेर लख्ख दिसावं म्हणून, बागेतलं सगळं पाचट आणि पाला बायकांकडून झाडून घेऊन घरामागे ढीग केला आणि पेटवून दिला.

उसाचं पाचट पेटलं की त्याचा धूर कसा असतो हे ऊसवाल्यांना विचारा. वारा घराकडे होता. पोरगी झोपेतून उठली तीच ओठ निळे घेऊन. गाडीत घालून नंदुरबारला दवाखान्यात नेली, ऑक्सिजन लावला. सुदैवाने दुपारपर्यंत सावरली. जयश्री तिथूनच सुरतेला निघाली. आईवर ती ओरडली नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "माय, मी आते हिले आठे आननार नही. तुले वाटनं का तू सुरतले येत जाय."

हे मला नंतर हर्षलने सांगितलं. आक्काने मला फोन केला तो तिसऱ्या दिवशी. आवाज ओळखू येईना. "बहीन, ती बाग काढी टाक. माले नको."

मी उन्हातच निघाले. आक्का ओट्यावर बसली होती, केस विंचरलेले नव्हते. मला बघून ती उठली नाही, पाणी विचारलं नाही. या घरात मला पाणी न विचारलेला तो एकच दिवस. आप्पा आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मीच मारी टाकती ना वं पोरले," ती म्हणाली. "दुसरं कोन्ही नही. मी. लेक येवाव म्हनीसन झाडं, लेक येवाव म्हनीसन पेटाडं."

धीर द्यायचे शब्द मला कधीच नीट येत नाहीत. झाडांबद्दल विचारा, बोलते. म्हणून मी तिला हाताला धरून उठवलं आणि बागेत नेलं. करंजांखालची झाडलेली जमीन उन्हाने फुटायला आली होती. तिथे तिचा हात टेकवला. चटका बसून तिने तो मागे घेतला. मग तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथे अडचण होती म्हणून खराटा कधी पोहोचला नव्हता. पहिल्या वर्षीचं पाचट तसंच होतं, काळपट, अर्धवट कुजलेलं. त्याच्या खाली तिचा हात घातला. भर दुपारी, वैशाखात, ती माती गार होती आणि ओली होती. आक्का मूठभर माती घेऊन बघत राहिली. मग तिने ती नाकाशी नेली. ठसका लागला नाही.

"आठे मिरचीना वास नही," ती म्हणाली.

"कुजलेल्या पाल्याने खाल्ला," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षं सगळीकडे असं राहू दिलं ना आक्का, तर इथे धूळच उठणार नाही. स्वरा येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण धूळ उठणार नाही, हे मी सांगते."

तिने मूठ उघडून माती पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "मी घान समजीसन झाडू. घान नही ती." आणि माती परत होती तिथे ठेवून वरून पाचट सारखं केलं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

त्यानंतर त्या घरातले खराटे माळ्यावर गेले. ऐकायला हे सोपं वाटतं. पण खान्देशातल्या बाईने अंगण न झाडणं म्हणजे काय, ते खान्देशातल्या बाईलाच कळेल. आल्यागेल्याची नजर आधी अंगणाकडे जाते आणि मग बाईकडे. आक्काच्या नणंदेने तर चारचौघीत विचारलं, "सिंधु, पैसा उना तं झाडू बी सुटना का वं हातमाईन?" आक्का म्हणाली, "सुटना नही, मीच ठेवी दिधा. तू बी ठेवी देख, कंबर दुखाव नही." घरी आल्यावर मात्र ती रडली, हे मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. पाला ती स्वतः पसरायची. कामाच्या बायकांपैकी कुणी चुकून पायाने बाजूला सारला तरी तिच्या सात पिढ्या उद्धरायची. घरामागे काही पेटवायचं नाही, मागच्या भागात गाजरगवत दिसलं की फुलायच्या आत उपटायचं, आणि मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरी मिरचीची फोडणी द्यायची ती लांबच्या पडवीत. आप्पांनी तेही सोसलं. कोयता त्यांनी माझ्या स्वाधीन केला होता, "माले दखाडू नका" म्हणून. त्या धुराच्या प्रसंगानंतर तिसऱ्या वर्षी मी एका दुपारी गेले तर ते करंजाखाली खाट टाकून पडले होते, पोटावर पेपर. मला बघून जरा लाजले. म्हणाले, "मिरचीले चालस नही म्हनेल व्हतं मी. माले चालस."

जयश्री त्याच वर्षी चैत्रात आली ती एकटी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. कोणाला आधी सांगितलंही नव्हतं. हर्षलने मला फोन केला म्हणून मी पोहोचले. ती भर दुपारी करंजांच्या रांगेतून फिरत होती. पायाने पाला उकरून बघत होती, धूळ उडते का ते. वर बघत होती. पडवीत जाऊन फोडणीची चूल बघून आली. आई तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होती. परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत, पण तशी आई पाहिली नव्हती. जाताना जयश्री म्हणाली, "डॉक्टरांना विचारते." बस, एवढंच.

त्या आखाजीला मायलेकी आल्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळं श्रेय बागेचं नाही. स्वरा मोठी झाली होती, सुरतेच्या डॉक्टरांची औषधं लागू पडली होती, तिचा पंप जयश्रीच्या पर्समध्ये कायम होता. बाग दमा बरा करत नाही. बाग धूळ खाली ठेवते आणि दुपारी सावली देते. पण त्या घराला तेवढंच हवं होतं.

मला जेवायचं बोलावणं होतं. आंब्याचा रस झाला, पुरणपोळ्या झाल्या. जेवून आम्ही बायका करंजाखाली सतरंजीवर बसलो. शेजारच्या पोरी जमल्या होत्या. त्यांच्यात स्वरा कधी मिसळली ते कळलंही नाही. आक्का बोलत आमच्याशी होती, पण डोळे स्वराच्या मागे. या दोन दिवसांत ती पोरीशी काचेच्या भांड्याशी वागावं तशी वागत होती. हळू बोलायची, पोरगी म्हणेल त्याला हो म्हणायची.

पोरींनी नळीचं पाणी घेतलं, पाल्याखालची ती काळी माती उकरली, त्याचा चिखल केला आणि गौराईला घर बांधायचं म्हणून तो हातांनी नेऊ लागल्या. वाटेत दोरीवर आक्काच्या सकाळीच धुतलेल्या गोधड्या होत्या. सगळ्यात पुढे स्वरा. तिने चिखलाचे दोन्ही हात सरळ गोधडीला पुसले. मग मजा वाटली म्हणून दुसऱ्या गोधडीलाही पुसले. मग गोधडीच धरून लोंबकळली, आणि दोरी तुटली.

"मरी जाय ना तू, भवाने!" आक्का जागच्या जागी उठून ओरडली. "मन्ह्या धुयेल गोधड्या! थांब, थांब, तुले दखाडस!"

आणि धावली. स्वरा किंचाळत पळाली. करंजांची एक रांग, दुसरी रांग, जांभळाला वळसा, आंब्याला वळसा, पुढे नात, मागे हातात चप्पल घेतलेली साठीपुढची आजी. जयश्री ताडकन उठली. तिचा हात पर्समध्ये गेला आणि पंप बाहेर आला. पोरगी कुंपणाशी जाऊन थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तिची पाठ वरखाली होत होती.

मग तिने मान वर केली. तोंड चिखलाने माखलेलं, आणि ती हसत होती. धापा टाकत होती, पण त्या पळालेल्या कुठल्याही पोरीच्या धापा होत्या. छाती वाजत नव्हती. एवढ्या अंतरावरून मलाही ते ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

आक्का मात्र मध्येच उभी राहिली होती. चप्पल हातातून खाली पडली. तिने तोंडावर हात धरला. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला आता कळलं होतं. आमच्याकडच्या आज्या नातवंडांना दिवसातून दहादा 'मरी जाय' म्हणतात, त्यात लाडाखेरीज दुसरं काही नसतं. पण या एका नातीला तिच्या जन्मापासून आक्काने तो शब्द कधी लावला नव्हता. रागाने नाही, लाडानेही नाही. तिची तशी छातीच झाली नव्हती.

"जयू," ती म्हणाली, "काय बोली गयी वं मी."

जयश्रीने पंप पर्समध्ये परत ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बोल माय," ती म्हणाली. "आखो बोल, दहादा बोल."

तेवढ्यात स्वरा धावत आली आणि आईच्या कमरेला मिठी मारून, मोठं बक्षीस मिळाल्यासारखी सगळ्यांना सांगू लागली, "आजी मला रागावली! आजी मला मारणार होती!"

मी तिथे बसले होते. आयुष्यात मला बक्षिसं दोन-चार मिळाली, फोटोही छापून आले. पण कोणत्या कामाने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी ती दुपार सांगेन, आणि त्या घराने मला ती बघू दिली याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

आक्काने पदराने नाक पुसलं, चप्पल पायात घातली आणि पाल्यात पडलेली गोधडी उचलली. चिखलाने ती जड झाली होती.

"बहीन, देखत काय ऱ्हायनी?" ती माझ्यावर खेकसली. "धर ना दुसरं टोक."

मी धरलं.